किलकेनीची मांजरं आणि सोनाराचा काटा

मी राहतो ते किलकेनी हे सत्तावीस हजार वस्तीचं गाव तुम्ही ऐकलं असेलच असं नाही. इंग्रजीत मात्र ते एका म्हणीत जाऊन बसलंय. दोन माणसं हातघाईवर येऊन, कुणीच मागे न हटता भांडायला लागली की ती ‘किलकेनीच्या मांजरांसारखी’ भांडतात असं म्हणायची पद्धत आहे. त्यामागची दंतकथा अशी. १७९८ च्या आयरिश बंडाच्या सुमारास इथे परदेशी भाडोत्री शिपायांची एक तुकडी मुक्कामाला होती. रिकामपणचे उद्योग म्हणून त्यांनी दोन मांजरांच्या शेपट्या एकमेकींना बांधल्या, ती दोरीवर टांगली आणि झुंज लावून दिली. तेवढ्यात साहेब येताना दिसला. गाठ सोडवायला वेळ कुठला? एका शिपायाने तलवारीने शेपट्याच छाटल्या, मांजरं पसार झाली. साहेबाने विचारलं, या दोन शेपट्या कसल्या? शिपाई शांतपणे म्हणाला, साहेब, दोन मांजरं भांडत होती, त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं, उरलं ते एवढंच!

खरं-खोटं देव जाणे. पण इथल्या हर्लिंगच्या संघाला लोक आजही ‘कॅट्स’ म्हणतात. त्यांच्या जर्सीवर काळे-पिवळे पट्टे असतात, आणि मॅचच्या दिवशी सगळा रस्ता त्या रंगात न्हाला की मला हटकून मुंबईची टॅक्सी आठवते. असो.

ही गोष्ट मला जवळची वाटण्याचं कारण म्हणजे गेली वीसेक वर्षं मी पोटासाठी जवळजवळ हाच धंदा करतोय. मांजरांना त्रास देत नाही, गैरसमज नसावा :-) मी सिलिकॉनच्या चिपवर दोन सर्किटं एकमेकांना बांधून झुंजवतो. त्या प्रकाराला कंपॅरेटर म्हणतात. झुंज पापणी लवायच्या कोट्यवधीव्या हिश्श्यात संपली पाहिजे आणि तिला वीज जवळजवळ लागता कामा नये, अशी गिऱ्हाइकाची मागणी असते. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. तो कितपत जमतो आणि कुठे जमल्याचं नुसतं नाटक होतं, हे सांगावंसं वाटलं, कारण हाच प्रश्न घेऊन माझी भाची गेले चार महिने माझ्या मागे लागली आहे. ती सांगलीकडच्या एका कॉलेजात एम.टेक. करते, विषय व्हीएलएसआय, आणि प्रोजेक्ट? ‘लो पॉवर हाय स्पीड कंपॅरेटर’. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी तराजू समजून घेऊ.

कंपॅरेटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक तराजू. दोन पारड्यांत दोन व्होल्टेज ठेवायची आणि विचारायचं, डावं जड की उजवं? किती जड, ते विचारायचं नाही. उत्तर एका शब्दात, शून्य किंवा एक. तुमच्या मोबाइलमध्ये, दवाखान्यातल्या ईसीजीच्या मशीनमध्ये, जिथे जिथे बाहेरच्या जगातली गोष्ट आकड्यांत बदलायची असते तिथे हा तराजू असतो. लहानपणी आपण ‘मनातला आकडा ओळख’ खेळायचो ना? एक ते हजारमधला आकडा धरायचा. समोरचा विचारणार, पाचशेपेक्षा मोठा? मग साडेसातशेपेक्षा? असं अर्धं-अर्धं करत गेलं की दहा प्रश्नांत आकडा सापडतो. एसएआर जातीचा अ‍ॅनालॉग-टु-डिजिटल कन्व्हर्टर अगदी हाच खेळ खेळतो, आणि दहाही प्रश्नांची उत्तरं एकटा कंपॅरेटर देतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तराजूला वीज ती किती लागणार? हिशेब करू. डेटा सेंटरमधल्या नेटवर्क स्विचची आजची एक मोठी चिप घ्या. तिला सेकंदाला १०० गिगाबिट नेणाऱ्या ५१२ वाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनीच्या टोकाला येणारा सिग्नल सेकंदाला सुमारे ५६ अब्ज वेळा मोजायचा, आणि दर मोजणीला सात प्रश्न धरले तर सेकंदाला जवळजवळ ३९२ अब्ज निर्णय झाले. एका निर्णयाला ५० फेम्टोज्यूल ऊर्जा धरली (फेम्टो म्हणजे एकाच्या भागिले एकावर पंधरा शून्यं) तर एका वाहिनीला २० मिलिवॅट लागतात. गुणिले ५१२, म्हणजे १० वॅट. आपल्या घरातला एक एलईडी बल्ब! आणि हा नुसता तराजूंचा खर्च. असे हजारो स्विच रात्रंदिवस चालू, त्यांची उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज.

इथे आयर्लंडमध्ये हा बल्ब कुणालाच लहान वाटत नाही. सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांप्रमाणे २०१५ मध्ये देशात मीटरवर मोजलेल्या एकूण विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरं घेत होती. २०२३ मध्ये ते २१ टक्के झालं, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून घेतलेल्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त. २०२४ मध्ये २२ टक्के. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा आकडा वाचून घरच्या आठवणी येतात. कंदील पुसणं वगैरे. इथे तशी वेळ आलेली नाही.

तर झुंज. चिपमध्ये इन्व्हर्टर नावाचं एक साधं सर्किट असतं. आपल्याकडे लाईट गेल्यावर पंखा चालवतो तो इन्व्हर्टर नव्हे हं. हा चिपमधला प्राणी फक्त उलटं बोलतो. त्याला ‘वर’ दिलं की तो ‘खाली’ म्हणतो. असे दोन घ्यायचे आणि पहिल्याचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, दुसऱ्याचं पहिल्याच्या कानाला जोडायचं. झाली किलकेनीची मांजरं तयार. एक जरासं वर गेलं की ते दुसऱ्याला खाली ढकलतं, दुसरं खाली गेलं की पहिल्याला आणखी वर ढकलतं. सुरुवातीचा फरक चक्रवाढ व्याजासारखा वाढत जातो आणि शेवटी एक मांजर छतावर, एक जमिनीवर.

चक्रवाढीचा एक सुंदर गुण आहे. समजा फरक दर १० पिकोसेकंदांना २.७ पट होतोय. सुरुवातीचा फरक १०० मिलिव्होल्ट असेल तर तो एक व्होल्ट व्हायला २३ पिकोसेकंद लागतात. एक मिलिव्होल्ट असेल तर ६९. आणि एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे मिलिव्होल्टचाही हजारावा भाग असेल तर? १३८. प्रश्न हजारपट नाजूक झाला तरी वेळ फक्त दुप्पट. मात्र दोन्ही पारडी अगदीच सारखी असली तर मांजरं एकमेकांकडे बघत ताटकळतात, आणि ताटकळण्याच्या त्या वेळात दोघांतूनही वीज वाहत राहते. लक्षात ठेवा, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

जुन्या पद्धतीत या झुंजीच्या आधी एक अ‍ॅम्प्लिफायर असायचा, फरक थोडा मोठा करून द्यायला. तो चोवीस तास चालू. समजा १०० मायक्रोअँपिअर घेतो, एक व्होल्टवर, म्हणजे १०० मायक्रोवॅट. निर्णय विचारा वा न विचारा, मीटर चालू, बाहेर जाताना पंखा चालू ठेवल्यासारखं. मग १९९२ मध्ये तोशिबाच्या कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी एक रचना मांडली. तिच्यात घड्याळाचा ठोका पडला की वीज वाहायला लागते, निर्णय होतो, आणि निर्णय झाला की वीज आपोआप थांबते. पुढे डेक कंपनीच्या ‘स्ट्राँगआर्म’ प्रोसेसरमध्ये ती वापरली गेली आणि बारशाचा मान त्या प्रोसेसरने पटकावला; आज सगळे तिला स्ट्राँगआर्म लॅच म्हणतात. निर्णयाला ५० फेम्टोज्यूल लागतात असं धरलं तर सेकंदाला दहा लाख निर्णयांना खर्च फक्त ५० नॅनोवॅट. शंभर मायक्रोवॅटच्या दोन हजारपट कमी! पण सेकंदाला एक अब्ज निर्णय मागितले की तोच खर्च ५० मायक्रोवॅट होतो, म्हणजे बचत जेमतेम निम्म्याची. संथ कामात वीज वाचवणं सोपं, खरी परीक्षा वेगवान कंपॅरेटरचीच.

मग वेगात वीज वाचवायची कशी? पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, व्होल्टेज कमी करा. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गात जाते, व्होल्टेज निम्मं केलं की ऊर्जा पाव. पण ट्रान्झिस्टर त्या प्रमाणात मरगळतात. दुसरी गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात पुन्हा शेपटी आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या स्किंकेल आणि मंडळींनी ‘डबल-टेल’ लॅच दाखवला. सर्किटाच्या तळाशी जिथून करंट खाली जातो त्या ट्रान्झिस्टरला आमच्या भाषेत शेपटी म्हणतात. त्यांनी एकाऐवजी दोन शेपट्या केल्या. फरक ओळखणाऱ्या भागाला बारीक शेपटी, तो सावकाश आणि नीट बघणार. झुंजणाऱ्या भागाला जाड शेपटी, तो दणकून निकाल लावणार. दोन कामांना दोन वेगळे करंट. किलकेनीत राहून दोन शेपट्यांच्या सर्किटावर काम करणारा माणूस जगात मी एकटाच असेन, असं मी घरी म्हणत असतो. कुणी हसत नाही.

पण या दोन शेपट्यांच्या रचनेत एक गळती आहे. समजा दोन हंडे पाण्याने भरलेले, दोघांना खाली भोकं, एकाचं किंचित मोठं. कुठला आधी रिकामा होतो त्यावरून कुठलं भोक मोठं ते कळतं. फरक ओळखणारा भाग असाच चालतो. आता अर्ध्या वाटेतच फरक दिसला तरी उरलेलं पाणी वाहून जातंच, आणि पुढच्या ठोक्याला दोन्ही हंडे पुन्हा काठोकाठ भरायचे. ट्वेंटेच्याच बिंद्रा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हंड्यांखाली एक बादली ठेवली, म्हणजे जमिनीऐवजी एक लहान कॅपॅसिटर. बादली भरत आली की गळणं आपोआप थांबतं. हंडे अर्धे भरलेलेच राहतात, पुढच्या वेळी अर्धंच भरायचं. तेवढ्याच अचूकतेला ऊर्जा अडीच पटीच्या आसपास कमी. वेग थोडा गेला, पण बचत खरी. आईने हे बघितलं असतं तर म्हणाली असती, यात एवढं शोधून काढण्यासारखं काय आहे, नळ बंद करायचा!

‘तेवढ्याच अचूकतेला’ हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले. तराजूला दोन रोग असतात. एक पासंग, म्हणजे दोन्ही पारडी रिकामी असतानाही काटा एका बाजूला झुकलेला. आमच्याकडे त्याला ऑफसेट म्हणतात. एकसारखे म्हणून काढलेले दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. फिलिप्सच्या पेलग्रोम यांनी १९८९ मध्ये दाखवलं की हा फरक निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट लागतं, आणि क्षेत्रफळ चौपट म्हणजे ऊर्जाही साधारण चौपट. पण पासंग एकदा मोजून काढून टाकता येतो. दुसरा रोग कायमचा. काटा सतत थरथरतो, कारण उष्णतेने इलेक्ट्रॉन नाचत असतात. हा नॉइज. तो निम्मा करायलाही ऊर्जा चौपट लागते, आणि त्याला वजन लावून दुरुस्ती नाही. कांद्याच्या तराजूला चालेल एवढी थरथर सोनाराच्या काट्याला चालत नाही, आणि सोनाराचा काटा महाग असतो. म्हणून कुणी ‘मी वीज तीस टक्के वाचवली’ म्हणालं की पहिला प्रश्न हा, तराजू तोच आहे ना? का सोनाराचा काटा विकून कांद्याचा आणलात?

इथून मला हर्लिंगकडे जावं लागेल. विषय सोडत नाहीये, जरा धीर धरा.

हर्लिंग म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा माणसं, हातात राखवृक्षाच्या लाकडाची चपटी काठी, चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा आणि तितकाच निर्दय. खांबांमधल्या आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. खांबांपाशी पांढरा कोट घातलेले अंपायर उभे असतात. वरून गेला की पांढरा झेंडा. आणि चेंडू खांबाला अगदी घासून, वरून गेला तर? खांब कितीही उंच असले तरी हे खेळाडू त्याहून उंच मारतात. म्हणून २०१३ पासून डब्लिनच्या क्रोक पार्कवर हॉक-आय आलं. कॅमेरे चेंडूचा मार्ग काढतात आणि मोठ्या पडद्यावर आयरिश भाषेत एक शब्द येतो, ‘ता’ किंवा ‘नील’. आयरिशमध्ये ‘येस-नो’ला स्वतंत्र शब्द नाहीत, ता म्हणजे ‘आहे’, नील म्हणजे ‘नाही’. आपल्या कानाला हे अगदी घरचं वाटतं. एका बिटाचं उत्तर.

७ सप्टेंबर २०१४. अखिल आयर्लंड अंतिम सामना, किलकेनी विरुद्ध टिपेररी, म्हणजे शेजारचा जिल्हा, म्हणजे वैर. मी शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर. शेवटची मिनिटं, दोघांचे ३१-३१ गुण, आणि टिपेररीला फ्री मिळाली, जवळजवळ शंभर मीटरवरून. जॉन ओ’ड्वायरने ती मारली. चेंडू खांबाच्या वरून कुठेतरी गेला. ऐंशी हजार माणसांना काही कळेना. अंपायर घुटमळला. हॉक-आय. माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर आलं, नील. काही इंचांनी बाहेर. सामना बरोबरीत सुटला, २७ सप्टेंबरला पुन्हा झाला आणि किलकेनी तीन गुणांनी जिंकली. टिपेररीची माणसं अजून त्या इंचांबद्दल बोलतात.

मी त्या रात्री घरी येऊन हिशेब केला. त्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून ५४ वेळा झेंडे वर गेले, बाहेर गेलेले फटके वेगळे. बहुतेक सगळे निर्णय अंपायरने क्षणात, नुसत्या डोळ्यांनी दिले, कारण चेंडू खांबांच्या मधोमध होता किंवा स्वच्छ बाहेर. प्रत्येक फटक्याला कॅमेऱ्यांकडे धावले असते तर सामना रात्री बारापर्यंत चालला असता. महागडं यंत्र फक्त संशयाच्या फटक्याला. आणि संशय आहे हे कळतं कसं? अंपायर घुटमळतो त्यावरून!

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता काढा. कंपॅरेटरही घुटमळतो. दोन व्होल्टेज जवळजवळ सारखी असली की त्याला वेळ लागतो. ‘मनातला आकडा’ खेळात दहा प्रश्न असतात, पण अटीतटीचा प्रश्न त्यांत एखाद-दुसराच असतो. बाकीचे ‘पाचशेपेक्षा मोठा का’ याला ‘नऊशे’ असल्यासारखे, कांद्याच्या तराजूवरही बरोबरच येणारे. अडचण एवढीच की अटीतटीचा प्रश्न कितवा, ते आधी ठाऊक नसतं. आकडा ५०१ असला तर पहिलाच. २००८ मध्ये बेल्जियममधल्या आयमेकच्या मंडळींनी दोन कंपॅरेटर ठेवले, सुरुवातीच्या प्रश्नांना स्वस्त आणि थरथरणारा, शेवटच्यांना महाग आणि स्थिर. पहिल्याच्या चुका शेवटी सुधारून घ्यायच्या. आणि २०१३ मध्ये, म्हणजे हॉक-आय क्रोक पार्कवर आलं त्याच वर्षी, आइंडहोव्हनच्या हार्पे, कांतातोरे आणि व्हॅन रोएरमुंड यांनी थेट घुटमळणंच पकडलं. कंपॅरेटर एकच, स्वस्तातला. त्याने लगेच उत्तर दिलं तर ते मान्य. वेळ लावला तर समजायचं की प्रश्न नाजूक आहे, मग तोच प्रश्न अनेकदा विचारायचा आणि बहुमत घ्यायचं. जादा वीज फक्त तिथेच. त्यांच्या कन्व्हर्टरला मोजणीच्या एका पायरीमागे २.२ फेम्टोज्यूल लागले. माझ्या मते या क्षेत्रातला गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात शहाणा विचार हाच. त्यांनी तराजू बदलला नाही, कधी नीट बघायचं ते ठरवलं. (ही युक्ती आमच्या ५६ अब्जांच्या वेगात जशीच्या तशी बसत नाही, पुन्हा विचारायला वेळच उरत नाही. म्हणून तर आमची नोकरी टिकून आहे.)

पासंगाचंही उदाहरण इथे सापडतं. ऑगस्ट २०१३ मध्ये, हॉक-आयच्या पहिल्याच वर्षी, लिमरिकच्या कुमार संघाचा एक गुण यंत्राने नाकारला. पडद्यावरच्या चित्रात चेंडू खांबांच्या आत दिसत होता आणि निकाल ‘नाही’! नंतर चूक मान्य झाली, पण लिमरिक सामना हरलं होतं. निर्णय लवकर आला म्हणून तो बरोबर असतो असं नाही.

तर भाची. आपल्याकडे एम.टेक.ला ‘बेस पेपर’ नावाची प्रथा आहे. एक छापील पेपर घ्यायचा, त्यात दोन ट्रान्झिस्टर इकडे-तिकडे करायचे, आणि टक्क्यांत सुधारणा दाखवायची. कंपॅरेटरवाल्या मुलांचा बेस पेपर बहुधा एकच असतो, २०१४ मधला, इराणमधल्या मशहदच्या बाबाई-मशहदी आणि लोत्फी यांचा, डबल-टेल कंपॅरेटरवरचा. पेपर चांगला आहे. त्यांनी १८० नॅनोमीटरमध्ये १.२ व्होल्टवर २.५ गिगाहर्ट्झला १.४ मिलिवॅट आणि ०.६ व्होल्टवर १.१ गिगाहर्ट्झला १५३ मायक्रोवॅट दिले आहेत. भागाकार करून बघा, एका निर्णयाला ५६० फेम्टोज्यूल आणि १३९ फेम्टोज्यूल. व्होल्टेज निम्मं, ऊर्जा बरोबर पाव. वर्गाचा नियम चोख उतरलाय. पण त्याच्या नकलांचा जो पूर आपल्याकडच्या जर्नलांत आला, त्यात मी नॉइजचा आकडा शोधत बसतो आणि तो मिळत नाही.

भाचीचा फोन आला फेब्रुवारीत.

“मामा, माझी पॉवर तीस टक्क्यांनी कमी आली!”

“वा! आणि नॉइज?”

“नॉइज कुणी विचारत नाही रे.”

“मी विचारतोय ना. काय केलंस नेमकं?”

“इनपुटचे ट्रान्झिस्टर बारीक केले. त्यांच्या पुढचा कॅपॅसिटन्स कमी झाला.”

मी तिला कागद घ्यायला सांगितलं. ऊर्जा कॅपॅसिटन्सच्या प्रमाणात, नॉइजचा वर्ग त्याच्या उलट प्रमाणात. कॅपॅसिटन्स तीस टक्के उतरला तर नॉइज साधारण वीस टक्के चढणार. दोघांचा गुणाकार जिथल्या तिथे. मग मोजायचं कसं ते सांगितलं. इनपुटला अगदी बारीक फरक द्यायचा, नॉइजसकट सिम्युलेशन काही शे वेळा चालवायचं, आणि किती वेळा उत्तर बरोबर आलं ते मोजायचं. शंभरात ८४ वेळा बरोबर आलं तर दिलेला फरक हाच नॉइज. तिने लॅबमधल्या मशीनवर तीन रात्री ते चालवलं. चौथ्या दिवशी मेसेज, नॉइज अठरा टक्क्यांनी जास्त. पुढे एक रडका चेहरा.

आता गंमत संपली. सबमिशनला सात आठवडे होते. पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण डिग्री वेळेत मिळाली तरच. सरांचं म्हणणं, नॉइजचा विषय काढूच नकोस, बाहेरचा परीक्षक विचारेल मग तुझं काम काय? तिच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं म्हणणं, तू तिकडे बसून पोरीच्या डोक्यात भलतं भरवू नकोस, तुझं काय जातंय! ताईचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे. मी एवढंच म्हणालो की मी मुलाखती घेतो, आणि तीस टक्के बचत सांगणारे उमेदवार रोज येतात. नॉइज आपणहून सांगणारा वर्षात एखादा येतो, आणि त्याला आम्ही सोडत नाही. निर्णय तिचा.

तिने दोन आठवडे फोन केला नाही. मग आला तो थेट आकडे घेऊनच. तिने शेपटीखाली बादली ठेवून बघितली होती, त्या २०१८ च्या पेपरासारखी, पण स्वतःच्या १८० नॅनोमीटरच्या सर्किटात. मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरच्याच चिपा बनतात, त्यामुळे पुढेमागे ती खरोखर बनवून बघताही येईल, हेही तिने मलाच ऐकवलं. नॉइज जुन्या सर्किटाएवढाच राहावा म्हणून तिने बादलीचं माप पाच-सहा वेळा बदललं. ऊर्जा कमी झाली, तीस टक्क्यांहून कमीच, पण झाली. वेग मात्र घसरला.

“वेग घसरला ते पण लिहू?”

“तक्त्यात रकाना आहे ना?”

“आहे.”

“मग मोकळा कशाला ठेवतेस?”

आता तिच्या प्रबंधात तीन ओळींचा एक तक्ता आहे. मूळ सर्किट, बारीक ट्रान्झिस्टरवालं, बादलीवालं. प्रत्येकाची ऊर्जा, नॉइज, पासंग, वेळ, आणि ऊर्जा गुणिले नॉइजचा वर्ग. पहिल्या दोन ओळींचा शेवटचा आकडा जवळजवळ सारखा आहे, कुणालाही दिसेल असा. सरांनी तो मसुदा आठवडाभर स्वतःजवळ ठेवून घेतला होता.

काल रात्री तिचा मेसेज आला. सरांनी शीर्षकातला ‘हाय स्पीड’ शब्द काढायला सांगितलाय, ‘लो पॉवर’ राहू दे म्हणाले. तक्त्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त शेवटच्या रकान्याचं एकक लिहायचं राहिलं होतं त्यावर लाल गोल केलाय. व्हायव्हा पुढच्या मंगळवारी आहे.